भुईकाट्याचं सॉफ्टवेअर आणि प्रोसेसर ओळखण्याचं काम : प्रकल्प नोंदी

८ सप्टेंबर २०२५, जळगाव

दसऱ्यानंतर कापूस यायला लागेल. त्याआधी काट्याच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सगळ्या ठिकाणी बसवायची, असं ठरलं आहे. सॉफ्टवेअर तसं छोटं आहे. भुईकाट्याच्या इंडिकेटरमधून सिरियल केबलवरून वजन वाचायचं, भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं, आणि निव्वळ वजनाची पावती छापायची. हिशेबात अडचण नाही. अडचण आहे ती प्रत्येक काट्यावरच्या वेगवेगळ्या कॉम्प्युटरची.

आज यादी केली. सावद्याकडच्या केळी केंद्रांवर रास्पबेरी पाय हे छोटे कॉम्प्युटर आहेत, कारण ते स्वस्त पडतात, वीज कमी खातात आणि टपरीएवढ्या खोलीत मावतात. धरणगावच्या जिनिंगवर विंडोज ७ आहे, तेही ३२-बिट, म्हणजे आताच्या ६४-बिटच्या आधीच्या पिढीचं. शहाद्याला विंडोज १० आहे. अमळनेरच्या एका व्यापाऱ्याने नवा लॅपटॉप घेतलाय, त्यात इंटेलही नाही नि एएमडीही नाही, आर्मचा प्रोसेसर आहे. जळगावातले एक सीए व्यापाऱ्यांचे हिशेब पाहतात, त्यांच्याकडे मॅक.

आमच्या सॉफ्टवेअरमधला पडद्यावर दिसणारा भाग पायथनमध्ये आहे, तो सगळीकडे चालतो. वजन वाचणारा ‘वाचक’ मात्र सी भाषेत आहे. विंडोजवर तो डीएलएल (दुसऱ्या प्रोग्राममध्ये लोड होणारी लायब्ररी) म्हणून जातो, लिनक्सवर स्वतंत्र प्रोग्राम म्हणून. सी म्हटलं की प्रत्येक आर्किटेक्चरसाठी, म्हणजे प्रोसेसरच्या प्रत्येक जातीसाठी, वेगळी बायनरी (मशीन थेट चालवतं ती फाइल) आली. कुठल्या मशीनवर कुठली बायनरी उतरवायची हे अपडेटर, म्हणजे नवी आवृत्ती आणणारा आमचा प्रोग्राम, ठरवतो. या नोंदी त्या एका निर्णयाच्या आहेत.

१२ सप्टेंबर, सावदा

सकाळी केंद्रावरून फोन आला : “दादा, गाडी काट्यावर उभी आहे, पडद्यावर वजन येत नाही.” काट्याच्या इंडिकेटरवर वजन दिसत होतं, म्हणून त्यांनी तोवर हाताने पावत्या लिहिल्या. केळी कापल्यापासून तिच्यातलं पाणी उडू लागतं, वजन घटतं. काट्यावर गाडी खोळंबली तर नुकसान शेतकऱ्याचं होतं. म्हणून फोनवर न सोडवता थेट आलो.

मशीन रास्पबेरी पाय ४. कार्ड खराब झालं म्हणून मागच्या आठवड्यात नवं घातलेलं, त्यावर ३२-बिट सिस्टीम. अपडेटरने वाचक उतरवला होता, फाइल जागेवर होती, चालवायची परवानगीही होती. तरी चालवली की उत्तर यायचं : ‘अशी फाइल किंवा फोल्डर नाही’. समोर दिसणारी फाइल सिस्टीमला सापडत नाही, याने कुणीही चक्रावेल.

सापडत नव्हती ती दुसरीच फाइल. लिनक्सवरच्या प्रोग्रामच्या पोटात आपल्या लोडरचा, म्हणजे त्याला सुरू करून देणाऱ्या फाइलचा, पत्ता लिहिलेला असतो. ६४-बिट आर्म प्रोग्राम ‘/लिब/एलडी-लिनक्स-एआर्च६४.एसओ.१’ मागतो. ३२-बिट सिस्टीमवर हा लोडर नसतोच, तिथे ‘एलडी-लिनक्स-आर्मएचएफ.एसओ.३’ असतो. कर्नलने, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याने, प्रोग्राम उघडला, लोडर शोधला, तो मिळाला नाही, आणि ‘फाइल नाही’ हे उत्तर प्रोग्रामच्या नावावर आलं.

मग ३२-बिट सिस्टीमवर ६४-बिट वाचक आलाच कसा? अपडेटर ‘युनेम -एम’ या कमांडने मशीनची जात विचारतो. त्याचं उत्तर आलं ‘एआर्च६४’, म्हणजे ६४-बिट आर्म. उत्तर खरंच होतं. २०२३ पासून पाय ४ वर ३२-बिट सिस्टीम टाकली तरी कर्नल ६४-बिटच सुरू होतो. ‘कॉन्फिग.टीएक्सटी’मध्ये ‘आर्म_६४बिट=०’ लिहिलं तरच ३२-बिट कर्नल मिळतो. म्हणजे खाली कर्नल ६४-बिट आणि वर सगळं युजरलँड (कर्नलवरच्या लायब्रऱ्या आणि प्रोग्राम) ३२-बिट, अशी रचना. ‘युनेम’ विचारतं कर्नलला, नि कर्नल स्वतःबद्दल सांगतो. आम्हाला हवं होतं युजरलँडबद्दल.

हातासरशी ३२-बिट वाचक ठेवून केंद्र चालू केलं. पण हा इलाज एका केंद्रापुरता झाला.

१३ सप्टेंबर, जळगाव

काल परतताना सुचलेलं आज नीट लिहून काढतो, कारण पुढचं सगळं काम यावर उभं राहणार आहे.

काटेवाल्याला नुसतं ‘गाडीचं वजन किती?’ विचारलं तर तो आधी विचारेल, भरल्या गाडीचं की रिकाम्या? मशीनच्या आर्किटेक्चरचंही तसंच आहे. एकाच मशीनवर चार वेगळी उत्तरं असू शकतात आणि चारही खरी असतात. पहिलं, चिप काय काय चालवू शकते. दुसरं, कर्नल कुठल्या रूपात चालू आहे. तिसरं, त्यावरच्या सिस्टीमच्या लायब्रऱ्या आणि लोडर कुठल्या आहेत. चौथं, आत्ता विचारणारा आपला प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, स्वतः काय आहे.

सावद्याच्या पायवर ही उत्तरं अशी : चिप ६४-बिट, कर्नल ६४-बिट, युजरलँड ३२-बिट, पायथनचा प्रोसेस ३२-बिट.

कुठलं उत्तर घ्यायचं हे पुढे काय करायचंय त्यावर ठरतं. स्वतंत्र प्रोग्राम चालवायचा असेल तर युजरलँड पाहा. आपल्याच प्रोसेसमध्ये लायब्ररी लोड करायची असेल तर प्रोसेस पाहा. ड्रायव्हर बसवायचा असेल तर कर्नल पाहा. ग्राहकाला ‘तुमच्या मशीनवर ६४-बिट सिस्टीम टाकता येईल’ असं सांगायचं असेल तेव्हाच चिप पाहा. आमचा अपडेटर एकच फंक्शन ठेवतो, ‘आर्किटेक्चर_मिळवा’, आणि चारही कामांना तेच वापरतो. ते मोडून चार फंक्शनं करायची.

धुळ्याच्या सहकाऱ्याला फोन केला. त्याचं म्हणणं, एवढं लांबवू नकोस, डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ विचार, ‘आर्मएचएफ’ (३२-बिट) की ‘आर्म६४’ ते लगेच कळतं. डेबियनपुरतं बरोबर आहे आणि हाताने तपासायला उत्तम. पण अपडेटर दुसऱ्या कुठल्या तरी कमांडवर विसंबलेला मला नको.

१५ सप्टेंबर

लिनक्सचा भाग झाला. पायथनमध्ये ‘सिसकॉन्फिग.गेट_प्लॅटफॉर्म’ आहे आणि ते प्रोसेसबद्दल सांगत असेल असं नावावरून वाटतं. लिनक्सवर तेही आतून ‘युनेम’लाच विचारतं, त्यामुळे सावद्याच्या मशीनवर ‘लिनक्स-एआर्च६४’ म्हणतं. त्याऐवजी ‘मल्टिआर्च’ नावाचं कॉन्फिग मूल्य घेतलं. ते पायथन बांधतानाच कोरलेलं असतं. तिथे ‘आर्म-लिनक्स-जीएनयूईएबीआयएचएफ’ मिळालं, म्हणजे ३२-बिट, हार्ड फ्लोट (दशांशाचे हिशेब चिपमधल्या खास भागाकडून करून घेणारी पद्धत).

पण सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे पायथनच्या स्वतःच्या फाइलचं हेडर, म्हणजे सुरुवातीची माहिती, वाचणं. ‘/प्रॉक/सेल्फ/एक्झी’ उघडायचं. पहिले चार बाइट ७एफ आणि ‘ईएलएफ’. पाचवा बाइट १ असेल तर ३२-बिट, २ असेल तर ६४-बिट. मग सोळा आधारी मोजणीत १२ व्या स्थानावर मशीनचा आकडा असतो : ३ म्हणजे जुना इंटेल, ४० म्हणजे ३२-बिट आर्म, ६२ म्हणजे ६४-बिट इंटेल-एएमडी, १८३ म्हणजे ६४-बिट आर्म, २४३ म्हणजे रिस्क-व्ही. जेमतेम वीस बाइट वाचले की काम होतं. बाहेरची कमांड लागत नाही, भाषा-लोकेलचा संबंध नाही. ३२-बिट आर्म असेल तर हेडरमधल्या झेंड्यांमधला (फ्लॅग्ज) सोळा आधारी ४०० हा बिट पाहून हार्ड फ्लोट आहे की नाही तेही कळतं.

मला ही पद्धत फार आवडली. जी फाइल या क्षणी चालते आहे, तिच्या जातीची दुसरी फाइल इथे नक्की चालेल.

१९ सप्टेंबर, शहादा

विंडोज १०, ६४-बिट. इथे पायथन मुद्दाम ३२-बिट ठेवलंय, कारण पावतीच्या प्रिंटरची जुनी डीएलएल ३२-बिटच मिळते आणि ३२-बिट डीएलएल ३२-बिट प्रोसेसमध्येच लोड होते. नवी आवृत्ती टाकल्यावर ‘विनएरर १९३’ आलं. ‘हा वैध विन३२ अनुप्रयोग नाही’ अशा अर्थाचा तो निरोप असतो. डीएलएलचं आर्किटेक्चर प्रोसेसशी जुळत नसलं की विंडोज हेच म्हणतं.

कारण सावद्याच्या उलट, पण मूळ तेच. इथल्या पायथनचं ‘प्लॅटफॉर्म.मशीन’ आधी ‘प्रोसेसर_आर्किटेडब्ल्यू६४३२’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टीमने प्रोसेसला दिलेलं मूल्य) पाहतं. ३२-बिट प्रोसेस ६४-बिट विंडोजवर चालतो तेव्हाच तो भरलेला असतो, आणि त्यात खऱ्या सिस्टीमचं उत्तर असतं, ‘एएमडी६४’, म्हणजे ६४-बिट इंटेल-एएमडी. साधा ‘प्रोसेसर_आर्किटेक्चर’ अशा प्रोसेसला ‘एक्स८६’, म्हणजे ३२-बिट इंटेल, सांगतो. त्यामुळे मशीनचं उत्तर मिळालं, ६४-बिट डीएलएल उतरली, आणि ३२-बिट प्रोसेसमध्ये ती घुसेना.

डीएलएलसाठी प्रोसेसचंच उत्तर हवं. विंडोजवर ‘सिसकॉन्फिग.गेट_प्लॅटफॉर्म’ हे नीट सांगतं : ‘विन३२’, ‘विन-एएमडी६४’ किंवा ‘विन-आर्म६४’. एकच फंक्शन लिनक्सवर कर्नलचं सांगतं आणि विंडोजवर पायथनच्या बांधणीचं. दोन्हीकडे चालवून पाहिल्याशिवाय हे कळणार नाही. पॉइंटरची लांबी मोजून ३२ की ६४ हेही काढता येतं, पण नुसतं ‘६४’ कळून आता भागत नाही. इंटेलचं ६४ की आर्मचं ६४, हे पाहावंच लागतं.

काटेवाले अण्णा मागे उभे राहून सगळं पाहत होते. म्हणाले, “चालायला लागलं ना? मग चहा घ्या.” घेतला.

२७ सप्टेंबर, अमळनेर

व्यापाऱ्याचा आर्म लॅपटॉप, विंडोज ११. हे प्रकरण पाहण्यासाठी मुद्दाम दिवस मोकळा ठेवला होता.

विंडोज ११ च्या आर्म आवृत्तीत ६४-बिट इंटेलचे प्रोग्राम भाषांतर होऊन चालतात. विंडोज १० च्या आर्म आवृत्तीत फक्त ३२-बिटचे चालायचे. आमचं सध्याचं इन्स्टॉलर इंटेल ६४-बिट आहे. ते इथे मुकाट्याने चाललं. पायथन इंटेलचं, वाचक डीएलएल इंटेलची, दोन्ही एकाच प्रोसेसमध्ये, काही तक्रार नाही. अडलं ते यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरपाशी. इंडिकेटरची केबल जुन्या पद्धतीची, लॅपटॉपला सिरियल पोर्ट नाही, म्हणून मध्ये कन्व्हर्टर. त्याचा ड्रायव्हर इन्स्टॉलरने इंटेलचा निवडला आणि तो बसेना.

भाषांतर होतं ते साध्या प्रोग्रामचं. ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो, आणि कर्नल इथे अस्सल आर्म६४ आहे. म्हणजे एकाच इन्स्टॉलरला एकाच मशीनवर दोन उत्तरं लागतात : डीएलएलसाठी एक्स६४ (६४-बिट इंटेल-एएमडी) आणि ड्रायव्हरसाठी आर्म६४. १३ तारखेला मांडलेली चार फंक्शनं इथे प्रत्यक्ष गरजेची ठरली.

खरं मशीन कसं विचारायचं? एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल इथे कामाचा नाही. भाषांतर होऊन चालणाऱ्या एक्स६४ प्रोसेसला ‘प्रोसेसर_आर्किटेक्चर’ ‘एएमडी६४’च सांगतो. ‘गेटनेटिव्हसिस्टिमइन्फो’च्या नावात ‘नेटिव्ह’ असलं तरी अशा प्रोसेसला तेही एएमडी६४ दाखवतं. जुने प्रोग्राम बिथरू नयेत म्हणून भाषांतराचा पडदा मुद्दामच असा घट्ट ठेवला आहे, आणि ते योग्यही आहे. पडद्यापलीकडचं विचारायला ‘इझवाव६४प्रोसेस२’ हे वेगळं फंक्शन आहे. ते दोन आकडे देतं, एक प्रोसेसचा आणि एक खऱ्या मशीनचा. या लॅपटॉपवर खऱ्या मशीनचा आकडा आला ‘एए६४’, म्हणजे आर्म६४. इंटेल-एएमडीवर तो ‘८६६४’ असता.

एक बारकावा लिहून ठेवतो. प्रोसेसचा आकडा इथे शून्य आला, म्हणजे ‘अज्ञात’. तो आकडा फक्त वाव६४ (६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्राम चालवणारी सोय) खाली चालणाऱ्या प्रोसेससाठी भरला जातो, आणि भाषांतरित एक्स६४ प्रोसेस त्यात मोडत नाही. शून्य दिसलं की ‘प्रोसेस आणि मशीन एकच’ असं समजायचं, अशी वाट पुष्कळ जण धरतात. आर्मवर तीच वाट चुकते.

हे फंक्शन विंडोज १० च्या १५११ आवृत्तीपासून आहे. धरणगावच्या विंडोज ७ मध्ये ते नाही, म्हणून त्याला थेट जोडायचं नाही. चालताना शोधायचं, मिळालं तर वापरायचं, नाहीतर जुन्या मार्गाने जायचं. थेट जोडलं तर विंडोज ७ वर प्रोग्राम सुरूच होणार नाही.

संध्याकाळी आर्मचा ड्रायव्हर बसला आणि वजन आलं. परतीला सुरत-भुसावळ लाईनच्या गाडीत बसून हे लिहितोय.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. धरणगावच्या जिनिंगवर काट्याची, मशिनांची पूजा आहे, बोलावणं आलंय. काम बंद.

४ ऑक्टोबर

नावांची साफसफाई केली. एकाच ६४-बिट इंटेल-एएमडी आर्किटेक्चरला लिनक्स ‘एक्स८६_६४’ म्हणतो, विंडोज ‘एएमडी६४’ आणि तेही मोठ्या अक्षरांत, प्रोग्रामिंगच्या साधनांपैकी नोड ‘एक्स६४’ म्हणतो, गो ‘एएमडी६४’. जावा तर लिनक्स-विंडोजवर ‘एएमडी६४’ आणि मॅकवर ‘एक्स८६_६४’. हे आर्किटेक्चर एएमडीने आणलं, २००३ मध्ये ऑप्टेरॉनमध्ये पहिल्यांदा बाजारात आलं, आणि इंटेलने २००४ पासून ते आपल्या नावाने दिलं. ज्याने जेव्हा आधार दिला त्याने तेव्हाचं नाव उचललं. आर्मचंही तेच : लिनक्सच्या ‘युनेम’मध्ये ‘एआर्च६४’, त्याच लिनक्सच्या सोर्समधल्या फोल्डरचं नाव ‘आर्म६४’, मॅकवरही ‘आर्म६४’.

आम्ही आमची चार नावं ठरवली, आणि बाहेरून येणारं प्रत्येक नाव आधी छोट्या अक्षरांत करून या चारांपैकी एकाला जोडायचं. न ओळखलेलं नाव आलं तर अंदाज करायचा नाही, थांबायचं आणि ते नाव जसंच्या तसं नोंदवायचं. ‘६४ दिसलं म्हणजे इंटेल’ असा जुना कोड एका ठिकाणी होता, तो काढला. ‘आर्म६४’मध्येही ६४ आहेच.

९ ऑक्टोबर

मॅकचा भाग. सीएंकडच्या मशीनवर एम१ चिप आहे. या चिपचे मॅक २०२०च्या नोव्हेंबरात आले. आमचं जुनं मॅक पॅकेज इंटेलचं, म्हणून अपडेटर रोझेटा २ (इंटेलचे प्रोग्राम भाषांतर करून चालवणारी ॲपलची सोय) खाली चालतो. तो ‘युनेम -एम’ विचारतो, रोझेटा खालच्या प्रोसेसला ‘एक्स८६_६४’ मिळतं, म्हणून तो पुन्हा इंटेलचंच पॅकेज उतरवतो. हे चक्र आपोआप तुटणार नाही. एकदा इंटेलचा अपडेटर बसला की त्याच्या हातून पुढे कायम इंटेलच येत राहणार.

सीएंची काही तक्रार नव्हती, अहवाल उघडत होते. पण ॲपलने जाहीर केलंय की मॅकओएस २६ ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती, आणि रोझेटा पूर्ण रूपात मॅकओएस २७ पर्यंत. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा आत्ताच केलेलं बरं.

‘सिसकंट्रोल.प्रॉक_ट्रान्सलेटेड’ हे मूल्य सिस्टीमला विचारायचं. १ आलं तर प्रोसेस भाषांतरित आहे, म्हणजे खाली आर्म. ० आलं तर अस्सल चाललाय. आणि असं नावच नाही असं उत्तर आलं, तर ते जुनं मशीन, तिथे भाषांतराचा प्रश्नच नाही. या तिसऱ्या उत्तराला चूक समजून प्रोग्राम बंद पाडायचा नाही. ‘एचडब्ल्यू.ऑप्शनल.आर्म६४’वरून चिपचं थेट कळतं.

१० ऑक्टोबर

धुळ्याचा सहकारी आला होता. त्याच्याकडे बांधणीचा भाग आहे, म्हणजे सोर्सपासून बायनरी बांधून घेणारं साधन सीमेक. त्याची अडचण ऐकली आणि दुपार त्यातच गेली.

त्याने वाचकाच्या सोर्समधल्या कुठल्या फाइली घ्यायच्या हे ‘सीमेक_सिस्टीम_प्रोसेसर’वर ठेवलं होतं. हे मूल्य क्रॉस-कंपाईल करताना (एका मशीनवर दुसऱ्या जातीच्या मशीनसाठी बांधताना) टूलचेन फाइलमध्ये आपणच लिहायचं असतं, आणि ज्या मशीनवर बांधतोय त्याचं मूल्य ‘सीमेक_होस्ट_सिस्टीम_प्रोसेसर’मध्ये वेगळं असतं. इथपर्यंत ठीक. पण मॅकवर एकाच बांधणीत इंटेल आणि आर्म दोन्ही तुकडे काढून एक फाइल करायची असते. सीमेक एकदाच विचार करतं, कंपायलर मात्र तोच सोर्स दोनदा बांधतो. त्या दोन वेळांना दोन उत्तरं हवीत, आणि सीमेकच्या एका मूल्यात दोन उत्तरं मावत नाहीत.

शेवटी हा निर्णय सोर्समध्येच नेला. कंपायलर प्रत्येक बांधणीत स्वतःचे मॅक्रो (सोर्समध्ये तपासता येणारी ठरलेली नावं) देतो : जीसीसी आणि क्लँगमध्ये ‘__एक्स८६_६४__’, ‘__आय३८६__’, ‘__एआर्च६४__’, ‘__आर्म__’, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ‘_एम_एक्स६४’, ‘_एम_आयएक्स८६’, ‘_एम_आर्म६४’. दोन्ही जाती तपासायच्या, आणि एकही जुळला नाही तर बांधणी तिथेच थांबवायची. आर्म६४ईसी नावाचा एक प्रकार आहे, तो आर्मवर चालत असूनही ‘_एम_एक्स६४’ देतो, कारण त्याला एक्स६४च्या कोडमध्ये मिसळून चालायचं असतं. म्हणून ‘_एम_आर्म६४ईसी’ आधी तपासायचा, मग बाकीचे.

यातून एक सोपी गोष्ट हाती लागली. प्रोसेस कुठल्या आर्किटेक्चरचा आहे हे सी प्रोग्रामला सिस्टीमकडे विचारायची गरजच नाही. ते बांधतानाच ठरलेलं असतं आणि नंतर बदलत नाही. म्हणून चौथं फंक्शन आता फक्त एक स्थिर मूल्य परत करतं. अमळनेरच्या लॅपटॉपवर शून्य आलेल्या जागीही हेच भरलं.

१४ ऑक्टोबर

आज विंडोज १० चा नियमित आधार संपला. शहाद्याच्या मशीनचं पुढे काय करायचं ते मालक ठरवतील, पण ३२-बिटबद्दल आमचं धोरण लिहून ठेवतो. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती नाहीच. ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ ने ‘आय३८६’साठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणं थांबवलं, आणि त्याच आवृत्तीत रिस्क-व्हीला पहिल्यांदा अधिकृत जागा दिली. विंडोज ७ वर पायथनची ३.८ हीच शेवटची चालणारी आवृत्ती.

तरीही आम्ही ३२-बिट इंटेल बंद करत नाही. धरणगावचं मशीन रोज सकाळपासून रात्रीपर्यंत पावत्या छापतं, आणि केवळ आमच्या सोयीसाठी मालकाला नवं मशीन घ्यायला लावणं मला पटत नाही. मात्र त्या मशीनची चिप ६४-बिट आहे, फक्त विंडोज ३२-बिट टाकलेलं आहे. पहिलं फंक्शन हे सांगतं, म्हणून मालकांना सांगता आलं : पुढे कधी सिस्टीम बदलायची झाली तर हेच मशीन चालेल.

१७ ऑक्टोबर, रावेर

एका छोट्या केंद्रावर पाय झिरो निघाला, पहिल्या पिढीतला. आमच्या यादीत ‘पाय’ एवढंच होतं. हेडरप्रमाणे सगळं बरोबर : ३२-बिट आर्म, हार्ड फ्लोट, ‘आर्मएचएफ’. वाचक सुरू झाला आणि ‘अवैध सूचना’ म्हणून लगेच पडला.

‘आर्मएचएफ’ दोन ठिकाणी दोन अर्थाने वापरतात. डेबियनमध्ये त्याला किमान आर्मव्ही७ लागतो, रास्पबेरी पायच्या सिस्टीममध्ये आर्मव्ही६ वरही चालेल असं बांधतात. आमचा वाचक डेबियनच्या कंटेनरमध्ये (मशीनवरच वेगळ्या ठेवलेल्या सिस्टीममध्ये) बांधलेला, आणि या झिरोची चिप आर्मव्ही६. फाइल हेडरमधला मशीनचा आकडा दोघांचा एकच, ४०.

इथे चिपलाच विचारावं लागतं. ‘गेटऑक्सव्हॅल’ या फंक्शनने ‘एटी_प्लॅटफॉर्म’ हे मूल्य घेतलं, ‘व्ही६एल’ आलं. शेवटचा ‘एल’ म्हणजे लिटल एंडियन. अपडेटर आता ३२-बिट आर्मवर हे पाहतो. वाचक आर्मव्ही६ साठी बांधला की दोन्हीकडे चालतो, वजन वाचायला वेग लागत नाही, म्हणून तोच एक ठेवला. एक बायनरी कमी झाली, याचा आनंद वेगळाच.

२८ ऑक्टोबर

दिवाळी झाली. आता शेवटचा अडसर : उतरवलेली फाइल चालवण्याआधी तिचंच हेडर वाचायचं.

लिनक्ससाठी कोड आहेच. विंडोजच्या फाइलीत सुरुवातीला ‘एमझेड’ असतं, ३सी या स्थानावर खऱ्या हेडरचा पत्ता, तिथे ‘पीई’ आणि लगेच पुढे मशीनचा दोन बाइटचा आकडा : ०१४सी, ८६६४ किंवा एए६४. मॅकच्या एकत्र फाइलीची सुरुवात ‘कॅफेबेब’ या सोळा आधारी आकड्याने होते, आणि जावाच्या क्लास फाइलचीही त्यानेच होते. म्हणून नुसती सुरुवात पाहून थांबायचं नाही, आत किती तुकडे आणि कुठले ते वाचायचं.

फाइलचा आकडा आणि हवा तो आकडा जुळला नाही तर नवी फाइल बाजूला ठेवायची आणि जुनी आवृत्ती चालू राहू द्यायची. काट्यावर गाडी असताना जुनी आवृत्ती चाललेली चालेल, बंद पडलेली नवी नाही.

तपासणीसाठी क्यूईएमयूने (दुसऱ्या चिपची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामने) आर्मचे कंटेनर इंटेलच्या लॅपटॉपवर चालवतोय. त्यात ‘युनेम’ आर्मच सांगतं, त्यामुळे निवडीचा कोड नीट तपासला जातो. पण खालचा कर्नल इंटेलचा असल्यामुळे सावद्यासारखी मिश्र रचना त्यात तयार होत नाही. म्हणून एक पाय ४, ३२-बिट सिस्टीम टाकून, टेबलावर कायम जोडून ठेवलाय.

५ नोव्हेंबर, धरणगाव

जिनिंगबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. गाडी काट्यावर चढली की मजूर मागे सरकतात, आकडा थरथरतो, स्थिर होतो, आणि पावती निघते. विंडोज ७ वर नवी आवृत्ती दुपारच्या जेवणाच्या वेळात बसवली. ‘इझवाव६४प्रोसेस२’ मिळालं नाही, प्रोग्राम जुन्या मार्गाने गेला आणि बरोबर उत्तरावर पोचला.

याच आवृत्तीत आणखी एक भर आहे. प्रोग्राम सुरू होताना नोंदीच्या फाइलीत आणि पडद्याच्या तळाशी एक ओळ लिहितो : चिप, कर्नल, युजरलँड, प्रोसेस, आणि लोड झालेल्या वाचकाचं हेडर. इथली ओळ : चिप एक्स६४, कर्नल एक्स८६, युजरलँड एक्स८६, प्रोसेस एक्स८६, वाचक ०१४सी.

१२ नोव्हेंबर

दोंडाईचाच्या मिरचीच्या एका गोदामावरून फोन आला. तिथे नवं मशीन आणलंय आणि आमचं सॉफ्टवेअर त्यांनी स्वतःच टाकलंय. “भाऊ, गाडी काटावर उभी शे, पावती निंघत नही.” मी पडद्याच्या तळाची ओळ मोबाइलवर फोटो काढून पाठवायला सांगितली. चिप आर्म६४, कर्नल आर्म६४, युजरलँड आर्म६४, प्रोसेस एक्स६४, वाचक ८६६४. सगळं जसं असायला हवं तसंच, आणि वजन पडद्यावर येतही होतं. म्हणजे प्रश्न आर्किटेक्चरचा नव्हता. प्रिंटरचा कागद पाहायला सांगितला. रोल उलटा बसवलेला होता.

बाकी : पाय झिरोसाठी वाचकाची नवी फाइल रावेरला पाठवणे, सीएंच्या मॅकवर एकत्र पॅकेज हाताने एकदा बसवणे, शहाद्याच्या प्रिंटरची ६४-बिट डीएलएल मिळते का ते उत्पादकाला विचारणे.